सतरा नंबरचा दगड

परवा गुलमंडीत परकराचं कापड बघत होते, तर मागून आवाज आला, "मॅडम, ओळखलं का? मी तुमच्या जिऑलॉजीला होतो!" आता तीस-बत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून किती पोरं गेली असतील! मला काय डोंबल ओळखू येणार? पण म्हटलं, "अरे, तू होय!" झालं. दुकानदार बिचारा कापड हातात धरून उभा, आणि आम्ही दोघं लॅबमधल्या गोष्टी काढून खिदळतोय.

किस्से असेच साचतात. मी वर्गात शिकवायचे, चुनखडक कसा होतो ते. समुद्रात शिंपले, शंख, डोळ्यांना दिसणारही नाहीत असले जीव मरतात. त्यांची कवचं तळाशी पडतात, त्यांच्यावर आणखी पडतात, दाबली जातात, आणि लाखो वर्षांनी त्यांचा दगड होतो. आमच्या डिपार्टमेंटला एवढा वेळ लागायचा नाही. एक ऑफ तास आणि युसुफभाईंचा चहा, तेवढ्यात एक थर चढायचा.

युसुफभाई म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, त्यानंतर काही वर्षांनी कॉलेजात हा विभाग निघाला, तेव्हापासूनचे. पदव्या आमच्याकडे होत्या, पण कुठला दगड कुठल्या खणात आहे हे फक्त त्यांना माहीत. लेबलं त्यांच्याच हातची, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू. आणि त्या शेकडो दगडांत त्यांचा जीव अडकलेला एकाच दगडात. नंबर सतरा, चुनखडक. माझे सगळे किस्से हिंडून फिरून त्या दगडापाशीच येतात, त्यामुळे आधी तो कसा आला ते ऐका.

*

आमच्याकडं जिकडं बघाल तिकडं काळा दगड. वेरूळ काळं, दौलताबाद काळं, विहीर खणली तरी खाली काळंच. सगळा थंड झालेला लाव्हा. चुनखडक व्हायला समुद्र लागतो, तो आम्ही कुठून आणणार! म्हणून विभागाचे पहिले प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, ते स्वतः पार कोळशाच्या खाणीवाल्या वणीकडं गेले आणि नारळाएवढा करडा चुनखडक पंचात बांधून एसटीनं घेऊन आले.

कंडक्टरनं विचारलं, "गाठोड्यात काय हाय?"

सर म्हणाले, "समुद्राचा तळ."

कंडक्टरनं गाठोडं चाचपून बघितलं. "कोरडा हाय. ठिवा पायाशी. वल्ला असता तर टपावर टाकाय लावला असता!"

सर रिटायर झाले त्या दिवशी त्यांनी हार काढून ठेवला, कपाटापाशी गेले, सतरा नंबर काढून युसुफभाईंच्या हातात दिला. "युसुफ, हा संपू देऊ नकोस. परत आणायला कोण जाणार आहे?" युसुफभाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "मेरी नौकरी है तब तक नहीं खतम होता, साब." बाकी निरोपसमारंभात कोण काय बोललं ते आता कुणाला आठवत नाही.

दगड कसा काय संपेल, असं तुम्हाला वाटेल. पण चुनखडकाची परीक्षाच तशी आहे. त्याच्यावर पातळ केलेल्या ॲसिडचा थेंब टाकायचा. फसफसला तर चुनखडक, गप्प बसला तर दुसरा कुठला. म्हणजे प्रत्येक थेंबाला त्यातलं कणभर विरघळून जाणार, थोडा गॅस होऊन उडणार आणि उरलेलं पाण्याबरोबर मोरीत जाणार. पोरं काय एका थेंबावर थांबतात होय? मी नोकरीला लागले तोवर नारळाची मोसंबी झाली होती.

*

दगड वाचावा म्हणून मी माझ्यापरीनं एक युक्ती काढली होती. पहिल्या तासाला विचारायचे, "चुनखडक कुणी कुणी बघितलाय?" एक हात वर यायचा नाही. मग म्हणायचे, "खाली बघा."

खाली शहाबादी फरशी! आपल्या निम्म्या गावाच्या घरात तीच, आणि ती चुनखडकाचीच असते. जन्मल्यापासून त्यावर रांगलेली पोरं, पण चुनखडक म्हटलं की पुस्तकात शोधणार. मी माझ्या बाटलीतले दोन थेंब खिडकीखालच्या फरशीवर टाकायचे, पांढरा फेस यायचा, वर्ग "ओहो!" करायचा आणि सतरा नंबर कपाटात सुखरूप राहायचा. वर्षानुवर्षं तिथंच थेंब टाकून त्या फरशीला चांगला खळगा पडला. युसुफभाई त्याला "मॅडम का हौज" म्हणायचे.

एकदा कॉलेजला कमिटी येणार होती. प्राचार्यांच्या केबिनची फरशी चकचकीत करायची म्हणून नव्या सफाईवाल्यानं संडास धुवायच्या ॲसिडची अख्खी बाटली तिच्यावर ओतली. प्राचार्य मराठीचे, कवितेत रमणारे. धोतराचा सोगा धरून आमच्या लॅबमध्ये पळत आले.

"बाई, चला लवकर! माझी फरशी उकळतेय!"

मी म्हटलं, "उकळत नाही सर, विरघळतेय."

"मग तुम्ही इतक्या शांत कशा?"

आता मी चिडते खूप, पण ते पोरांवर. प्राचार्यांवर चिडून काय करता! आम्ही बादल्या बादल्या पाणी मारलं. फेस थांबला, पण काळ्या फरशीवर पांढरे ढग उमटले ते उमटलेच. दुसऱ्या दिवशी कमिटीचे अध्यक्ष केबिनमध्ये शिरले, खाली वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "वा! ही डिझाइनची फरशी कुठून मागवलीत?"

प्राचार्यांनी डोळ्याची पापणी हलवली नाही. "आमच्या भूगर्भशास्त्र विभागानं केली!"

*

चहाचा किस्सा छोटा आहे. कॉलेजचं पाणी बोअरचं, जड. त्या पाण्यात चुना इतका की युसुफभाईंच्या चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरायचा, आणि त्याच्या कपच्या सुटून कपात यायच्या. आम्हाला सवय. एकदा पुण्याहून नवे लेक्चरर आले. पहिल्याच दिवशी कपात बोट घालून म्हणाले, "युसुफभाई, चहात कचरा आहे हो!"

युसुफभाईंनी कपात डोकावून बघितलं. "कचरा नहीं साब, सिलॅबस है!"

*

सतरा नंबरला जोडीदार शोधायचा प्रयत्नही आम्ही करून बघितला. चिकलठाण्याकडं तेव्हा कारखाने कमी आणि शेतं जास्त होती. काळ्या मातीत तिथं पांढरे खडे सापडतात, चुनखडीचे. पावसाचं पाणी मातीतला चुना विरघळवून खाली नेतं आणि उन्हाळ्यात तो परत खड्यांच्या रूपानं साकळतो. आमच्या शहराच्या जुन्या दरवाज्यांचा, मशिदींचा, घरांचा चुना याच खड्यांच्या भट्टीतून निघालेला. मी पोरांची सहल घेऊन एका शेतात गेले आणि शेतकरीकाकांना म्हटलं, "चार खडे घेऊ का?"

"चार?" काका कंबरेवर हात ठेवून हसले. "बाई, ह्या खड्यांनी आमचा जीव खाल्लाय. वखर चालंना झालाय. लागंल तेवढं न्या, लाजू नका!"

मी म्हटलं, "कॉलेजला उपयोगी पडतील हो, फार उपकार होतील." सभ्यपणा म्हणून बोलले! तर दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर दोन बैलगाड्या. काठोकाठ खडे. काका वर उभे. "कुठं खाली करू? आणि आजूक दोन खेपा हायेत!"

त्यातला एक खडा मी युसुफभाईंना दाखवला, ॲसिड टाकलं, छान फसफसला. म्हटलं, "बघा, आता सतरा नंबरला सुट्टी द्या." त्यांनी तो उलटापालटा केला आणि परत माझ्या हातात ठेवला. "मॅडम, ये कल का बच्चा है. हमारा वाला समुंदर देख के आया है." शास्त्राच्या दृष्टीनं बरोबरच होतं ते. परीक्षेला खडक लागतो, खडा चालत नाही. काकांचे खडे पुढं कितीतरी वर्षं सायकल स्टँडच्या खड्ड्यांत घातले गेले.

*

आणि मग घुगे आला.

ज्ञानोबा घुगे, गेवराईकडचा. अंगानं आडदांड, डोळे मात्र लहान पोराचे. पहिल्यांदा सतरा नंबरवर थेंब पडून फेस आला तेव्हा तो दोन पावलं मागं सरकून ओरडला, "मॅडम, ह्यो तर जित्ता हाय!" वर्ग हसला. घुगे नाही हसला. त्याला त्या दगडाचं वेडच लागलं. रोज येऊन "येकच थेंब, मॅडम" करायचा.

एके दुपारी मी ऑफिसात गेले होते आणि युसुफभाई नमाजला. घुगेनं दगड मोठ्या बीकरमध्ये ठेवला आणि वरून ॲसिडची अख्खी बाटली ओतली. का? तर "लई येळ फसफसंल का, ते बघायचं व्हतं." मी परत आले तेव्हा बीकरमधून फेस उतू जात होता आणि घुगे तोंड उघडं टाकून बघत होता. मी ओरडले तसा त्यानं घाईनं चिमट्यानं दगड उचलला आणि त्याचा एक कोपरा तुटून खाली पडला.

तेवढ्यात युसुफभाई दारात. मला वाटलं, आता हा माणूस घुगेला कच्चा खाणार. त्यांनी आधी घुगेच्या हातातून चिमटा काढून घेतला. दगड नळाखाली धुतला, स्वतःच्या रुमालानं पुसला, तुटका कोपरा कागदात बांधून खिशात ठेवला. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. मी घुगेला पंधरा दिवस लॅबबाहेर काढलं, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

घुगे माफी मागायला घरची केळी घेऊन आला. युसुफभाई म्हणाले, "केले रख. पत्थर का अब मैं देख लेता हूँ."

दुसऱ्या दिवसापासून सतरा नंबर काचेच्या कपाटात, कुलपात. वर्षभर पोरांनी काचेतूनच बघायचा. फक्त परीक्षेच्या दिवशी तो बाहेर यायचा, आणि त्याच्या शेजारी ड्रॉपरची एक छोटी बाटली असायची, खास त्याच्यासाठी. ती युसुफभाई स्वतः भरायचे. काय सांगू, दगड झिजायचा थांबला! मी सगळ्यांना अभिमानानं सांगायचे, बघा, कुलपाचा परिणाम.

गंमत म्हणजे त्या वर्षीच्या परीक्षेत घुगेला चिठ्ठीत नेमका सतरा नंबरच निघाला. त्यानं त्या फेसाचं पानभर वर्णन लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला मोठ्यांदा वाचून दाखवलं, "थेंब पडताच खडक खदखदून हसल्यासारखा फसफसतो." म्हणाले, "मॅडम, निरीक्षण बघा या पोराचं! हा पुढं जाणार." वीसपैकी वीस. आणि खरंच गेला की पुढं! एम.एस्सी. झाला, दुसऱ्या गावच्या कॉलेजात लेक्चररही झाला.

*

आता शेवटचा. हा मी उगाच कुणाला सांगत नाही.

युसुफभाईंची धाकटी मुलगी नसरीन आमच्याकडेच शिकायला आली. लहानपणी बापाचा डबा घेऊन यायची आणि दगडांची उर्दू लेबलं वाचत बसायची, ती आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. युसुफभाई एकदा टेबल पुसता पुसता मला म्हणाले, "मैं ये बाजू से टेबल पोंछा, मॅडम. मेरी बेटी वो बाजू खडी रह के पढाएगी." त्यासाठी एम.एस्सी. हवं होतं, एम.एस्सी.साठी फर्स्ट क्लास हवा होता, आणि लेखी पेपरमध्ये ती थोडक्यात कमी पडली होती. सगळं आलं होतं प्रॅक्टिकलवर.

परीक्षक म्हणून त्या वर्षी कोण यावं? घुगे! नव्हे, घुगे सर. सफारी, चष्मा आणि इतकं शुद्ध मराठी की मलाच अवघडल्यासारखं झालं. नसरीन कुणाची मुलगी हे त्यांना माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही. युसुफभाईंना मात्र म्हटलं, टेबल लावा आणि आज बाहेर बसा. ते "हौ मॅडम" म्हणून व्हरांड्यात स्टुलावर बसले.

नसरीननं चिठ्ठी उचलली. सतरा.

मला हायसं वाटलं. हा दगड तर ती झोपेतही ओळखेल! घुगे सर म्हणाले, "चाचणी करून दाखवा." तिनं छोटी बाटली घेतली, थेंब टाकला.

काही नाही.

दुसरा थेंब. तिसरा. दगड नुसता ओला झाला. फेस नाही, बुडबुडा नाही.

"काय दिसलं ते लिहा," घुगे सर यादीतून मान वर न काढता म्हणाले.

नसरीननं दगडाकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं आणि मग दाराकडं. दाराबाहेर स्टुलाखाली युसुफभाईंच्या चपला दिसत होत्या. ती बाटली कोण भरतं हे तिला माहीत होतं. तिचा चेहरा उतरला, आणि माझ्या लक्षात आलं की पोरगी कुठं अडकलीय. 'फसफसतो' लिहिलं तर मार्क मिळणार, पण ते खोटं. 'फसफसत नाही' लिहिलं तर हा चुनखडक कसा, आणि बाटलीत काय आहे, हा प्रश्न थेट बापापर्यंत जाणार. मी मनात म्हणत होते, लिही गं बाई, फसफसतो म्हणून लिही! होय, मी शिक्षिका असून म्हणत होते.

तिनं पेन खाली ठेवलं. "सर, फसफसत नाही."

"मग हा चुनखडक नाही?"

"चुनखडकच आहे सर."

"कशावरून?"

नसरीननं बाटली उचलली, खिडकीपाशी गेली, माझ्या त्या हौदापाशी उकिडवी बसली आणि बाटली त्यात उपडी केली. सगळी. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. फरशी गप्प.

"सर, ही फरशी चुनखडकाची आहे. मॅडम दरवर्षी इथं थेंब टाकतात आणि दरवर्षी फेस येतो, हा खळगा त्याचाच. आज फरशीपण गप्प आहे. म्हणजे दगड बरोबर आहे. बाटली चुकलीय."

घुगे सरांनी खळग्यावरून एकदा बोट फिरवलं. मग टेबलापाशी गेले आणि तिच्या नावापुढं वीसपैकी वीस लिहिले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. अशी पोरगी शिकवली म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पण तिथं संपलं नाही. त्यांनी रिपोर्टचा कागद पुढं ओढला. "मॅडम, हे मला विद्यापीठाला कळवावं लागेल. परीक्षेचं ॲसिड बदललेलं आहे. बाटली कोणी भरली?"

नसरीन खाली मान घालून उभी. मी काही बोलणार, तेवढ्यात युसुफभाई आत आले. डोक्यावरची टोपी हातात.

"मैं भरा साब. पानी है."

"पाणी? परीक्षेला पाणी?"

"पत्थर खतम होरा था साब. मोठे सर बोले थे, खतम नक्को होने देना."

मला राहवेना. "अहो युसुफभाई, निदान आज तरी खरं ॲसिड भरायचं! तुमच्या स्वतःच्या मुलीची परीक्षा!"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मीच काहीतरी भलतं बोलले. "बेटी के वास्ते अलग बोतल? वो तो बेईमानी होती ना, मॅडम!"

घुगे सरांनी एकदा नसरीनकडं बघितलं, एकदा युसुफभाईंकडं. चष्मा काढून पुसला, परत लावला. पेन रिपोर्टवर टेकवलं. आवाज कडकच होता. "हे किती वर्षांपासून चाललंय?"

युसुफभाई अगदी मायेनं म्हणाले, "आपके बॅच से, साब."

रिपोर्टवर पेन टेकलं होतं तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग घुगे सरांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि सफारीच्या खिशात ठेवली.

"मॅडम," ते म्हणाले, "फुडचा नंबर बोलवा."